कारणाचा रकाना

पडद्यावरच्या नकाशात जालना जिल्हा पांढरा होता. अगदी कोरा नव्हे, पण रंग आहे की नाही अशी शंका यावी इतका फिका. शरयू तिसऱ्या रांगेत बसली होती. जेवणानंतरची वेळ, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, शेजारी शीतल वहीच्या मागच्या पानावर रांगोळीचे ठिपके काढत होती. मृत्यूच्या नोंदी कशा कराव्यात याचं प्रशिक्षण होतं, आणि बावीस वर्षं त्याच नोंदी करणाऱ्या शरयूला त्यात नवं काही कळेल अशी आशा नव्हती. पुण्याहून आलेले तज्ज्ञ तरुण होते, हसतमुख होते, सगळ्यांना नावं विचारून घेत होते. त्यांनी आधी जग दाखवलं. अल्झायमरने लोक कुठे जास्त मरतात, कुठे कमी. काही देश गडद जांभळे, काही फिके. मग एकाच परदेशातले वेगवेगळे लोक, गोरे, काळे, आशियाई, प्रत्येकाचा खांब वेगळ्या उंचीचा. मग आपला देश, मग राज्य, मग जिल्हे. काठीच्या टोकाचा लाल ठिपका जालन्यावर येऊन थरथरत थांबला. गेल्या वर्षभरात तुमच्याकडे या आजाराने मृत्यू जवळजवळ नाहीतच, ते म्हणाले. कुणी म्हणतं रक्तातलं असेल, कुणी म्हणतं आपली हळद. पण मला विचाराल तर, आणि इथे त्यांचा आवाज खरोखरच हळवा झाला, याचं कारण आहे एकत्र कुटुंब. इथे म्हाताऱ्या माणसाला कुणी एकटं टाकत नाही. ही तुमची श्रीमंती आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शरयूचे हातही दोनदा वाजले, आणि मग तिला ते आपल्या मांडीवर दिसले, कुणाचे तरी असावेत तसे.

तिची आई, उषाबाई, गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेली, अंबडच्या घरी. त्याआधी सात वर्षं ती थोडी थोडी जात होती. शरयूला त्या सभागृहात एकदम हळदीचा वास आला. शेवटच्या दोन वर्षांत आईला जखमा व्हायच्या, अंथरुणावर पडून पडून, आणि शिवकन्या त्यांत हळद भरायची. शिवकन्या म्हणजे दिवसभर आईजवळ राहणारी बाई. ती सकाळी आठला यायची, तेव्हा शरयू जालन्याची बस पकडायला निघायची, आणि शरयू परतली की शिवकन्या जायची. हे ते एकत्र कुटुंब. एक लग्न न झालेली मुलगी, एक पगारी बाई, आणि पुण्याहून वर्षातून दोनदा येणारा भाऊ, केशव, जो आईच्या खाटेजवळ उभा राहून मोबाइलमध्ये बघत म्हणायचा, बरी दिसते की. सात वर्षांत शरयूचे तीन दात गेले, पाठीचा कणा एका बाजूला कलला, तिला कुठल्या लग्नाला जाता आलं नाही, आणि आता या सगळ्याला एका परक्या माणसाने नाव दिलं होतं श्रीमंती, आणि वर तिच्याकडूनच टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती उठली नाही. ती कधीच सभेत उठून बोललेली नव्हती. चहा आला तेव्हा तिने चहा घेतला, आणि शीतलने विचारलं काय झालं तर म्हणाली, पंख्याचा आवाज डोक्यात बसलाय.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अंबडला तेव्हा मोजके फोन होते, आणि कोर्टाचा, आडत्यांचा, मोंढ्यातल्या धान्याच्या दुकानांचा, डॉक्टरांचा, सगळ्यांचा नंबर तिला तोंडपाठ. बाजारात कुणी भेटलं तर तिला माणसाच्या आधी नंबर आठवायचा. लहानपणी शरयू आणि केशव तिला खेळायला लावत: नाव सांगायचं, तिने नंबर सांगायचा. ती कधी चुकली नाही. म्हणून जेव्हा ती पहिल्यांदा चुकली, तेव्हा ते तिला स्वतःलाच सगळ्यांच्या आधी समजलं. शरयू चपात्या लाटत होती आणि आई दारात येऊन उभी राहिली, हातात कपाटाची किल्ली, आणि म्हणाली, "शरयू, माझ्या डोक्यातून काहीतरी निघून चाललंय. तुझ्या ऑफिसात सांगू नकोस कुणाला. जालन्यात माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आहेत." तिचा आवाज इतका शांत होता की शरयूने लाटणं थांबवलंही नाही. पुढे पुढे आई मोबाइलच्या चार्जरची वायर हातात घेऊन भिंतीत खुपसायला जागा शोधत बसायची. शरयू घरी आली की तिच्याकडे अदबीने बघायची, कामावर असताना बघायची तशी, आणि विचारायची, आपल्याला कोणता नंबर देऊ? पहिल्या वेळी शरयूने तिला सांगितलं, आई, मी आहे. शंभराव्या वेळी तिने एक नंबर सांगितला, कुठलातरी, आणि आईने समाधानाने मान हलवली.

प्रशिक्षण संपल्यावर ती आपल्या टेबलावर आली आणि संगणकात आईचं नाव टाकलं. दाखला केशवने आणला होता, तेराव्याच्या गडबडीत. तो कपाटात होता, पण तिने तो उघडून पाहिला नव्हता. दिवसभर तेच कागद हाताळणाऱ्या माणसाला घरच्या कागदाकडे बघवत नाही. नाव आलं, वय आलं, पत्ता आला, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं होतं: हृदयक्रिया बंद पडून. बाकी काही नाही. सात वर्षांचं एक अक्षर नाही. तिला वाटलं, कुणीतरी आईला दुसऱ्यांदा मारलं. आणि मग, खुर्चीतून न हलता, तिने त्या महिन्याची यादी खाली सरकवली. वार्धक्य. हृदयक्रिया बंद. वार्धक्य. वार्धक्य. हृदयक्रिया बंद. यादीत पहिला पर्याय वार्धक्य होता आणि दुसरा हृदयाचा, आणि गावातून आलेल्या कागदावर काही नीट लिहिलेलं नसलं की बोट आपोआप पहिल्यावर जायचं. तिचं स्वतःचं बोट. सात वर्षं रोज पहाटे आईचं अंथरूण बदलून ती जालन्याला येत होती आणि दिवसभर इतरांच्या आयांना वार्धक्य देत होती. तो नकाशा पुण्यात कुणी रंगवला नव्हता. तो तिने इथे बसून पांढरा केला होता, एकेक बोटाने. हे कळल्यावर तिचा राग कमी व्हायला हवा होता. तो कमी झाला नाही, उलट त्याला दोन तोंडं फुटली.

अंबडला उतरल्यावर ती घरी न जाता स्टँडजवळच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर कल्याण पंचवीस वर्षं त्यांच्या घरचे. पेशंट दोनच होते. ते जाईपर्यंत ती भिंतीवरचं बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर बघत उभी राहिली, आणि मग तिने सरळ विचारलं, आईच्या कागदावर हे काय लिहिलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. आईला शेवटी गिळता येईना, तेव्हा रोज जाताना घरी डोकावून जायचे, एक पैसा न घेता.

"मी खोटं लिहिलेलं न्हाई, ताई," ते म्हणाले. "हृदय बंद पडलंच होतं."

"ते कुणाचं पडत नाही, डॉक्टर?"

त्यांनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला. मग म्हणाले की केशवरावांनी सांगितलं होतं. गंधालीचं, म्हणजे केशवच्या मुलीचं, तेव्हा लग्न जमून राह्यलं होतं, आणि समोरच्यांकडे कुणी डॉक्टर होतं, कागदावर असलं काही दिसलं तर घराण्यात आहे का म्हणून विचारतील, अशी त्यांना भीती होती. पण तेवढंच नाही, डॉक्टर म्हणाले, आणि आता त्यांचाही आवाज चढला. माझ्याकडं पुरावा काय होता? मेंदूचा फोटो न्हाई, तज्ज्ञाची चिठ्ठी न्हाई. संभाजीनगरला न्या म्हणालो होतो, तुम्ही नेलं का? शरयूला तो प्रवास आठवला. भाड्याची गाडी, आईने अर्ध्या वाटेत दार उघडायला सुरुवात केली, मला पळवून नेतायत म्हणून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारल्या, आणि एका टपरीपाशी जमलेल्या माणसांनी गाडी अडवून शरयूलाच विचारलं होतं, ही बाई तुमची कोण? तिथून त्या परतल्या. पुन्हा नेलं नाही.

"मी दोनदा अर्ज दिला वर," डॉक्टर म्हणाले, "की म्हैन्यातून एक दिवस तरी मेंदूचा डॉक्टर इकडं पाठवा. काय उत्तर आलं माहीत आहे? तुमच्या भागात या आजाराचे पेशंट न्हाईत. आता सांगा. डॉक्टर न्हाई म्हणून नोंद न्हाई, नोंद न्हाई म्हणून डॉक्टर न्हाई. मी एकट्यानं काय लिहू?"

तिला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडायला जागा सापडेना. दुरुस्ती करून द्याल का, तिने विचारलं. ते म्हणाले, घरच्या सगळ्यांनी लिहून दिलं तर माझ्या माहितीप्रमाणे काय आजार होता ते मी लिहून देईन. केशवरावांची सही लागेल.

केशवला तिने घरी येऊन फोन केला, पायातल्या चपला न काढता. तो आधी हसला, मग समजावू लागला, मग वैतागला. गंधालीचं लग्न आता झालंय, पण तिला उद्या मूल होईल, तिला आयुष्यभर कुणीतरी विचारत राहील, आणि कशासाठी? आई परत येणार आहे का? कुठल्या नकाशात एक ठिपका वाढावा म्हणून? तो एका मोठ्या कंपनीत माणसांच्या नेमणुका बघत होता आणि त्याचं बोलणं नेहमी तसंच असायचं, आधी थंड आणि मग आणखी थंड. शरयू म्हणाली की आई मेली त्याचं खरं कारण लिहायची त्याला लाज वाटते. तिने आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदा. तिने त्याला सात वर्षांचा पाढा वाचून दाखवला. पाढा संपल्यावर तो म्हणाला,

"ताई, तू तुझ्या ऑफिसात काय सांगत होतीस?"

तिने फोन ठेवला नाही. नुसता कानापासून दूर धरला. ती गुडघे सांगत होती. आईचे गुडघे दुखतात. रजेच्या प्रत्येक अर्जावर, आईच्या गुडघ्यांच्या उपचारासाठी. शीतल दर महिन्याला विचारायची, काकूंचे गुडघे कसे आहेत, कुणीतरी तेल आणून दिलं, कुणीतरी परतूरच्या वैद्याचा पत्ता, आणि शरयू ते तेल घरी आणून, वाया जाऊ नये म्हणून, आपल्याच पाठीला लावायची. आईने सांगू नको म्हटलं होतं, हे खरं. पण आईने ते पहिल्या वर्षी म्हटलं होतं, आणि तिसऱ्या वर्षी आईला सांगू नको म्हणजे काय हेही कळत नव्हतं. त्यानंतरचे गुडघे शरयूचे स्वतःचे. कशाला? बसमध्ये एकदा आईला शेजारी बसवून नेत असताना पुढच्या बाईने मागे वळून म्हटलं होतं, येडं लागलंय का म्हातारीला, आणि शरयू म्हणाली होती, नाही, ऐकायला कमी येतं. त्या क्षणी तिच्या कानांत जे गरम झालं ते आईबद्दलच्या मायेने नव्हतं, लाजेने होतं. केशवकडच्या त्या गोष्टीला ती लाज म्हणत होती. तिच्याकडे त्याच वस्तूचं नाव गुडघे होतं. खोलीत दिवा लावायचा राहिला होता आणि ती उभीच होती. केशव तिकडे हॅलो हॅलो म्हणत राहिला, आणि बऱ्याच वेळाने त्यानेच फोन ठेवला.

तीन दिवस ती कामावर गेली आणि आली. कारणाच्या रकान्याशी आली की तिचं बोट अडायचं, मागे कामाची थप्पी साचायची, साहेबांनी एकदा हटकलं. जल्दी करा, कारण काय तुम्हाला शोधायचंय का, आलंय ते टाका. तिला त्यांचाही राग आला, आणि शीतलचा, जी गाणं गुणगुणत पहिला पर्याय दाबत होती, आणि या कार्यालयाच्या हिरव्या भिंतींचा. हा राग तिला नवीन होता. तो घरी जाऊन निवत नव्हता, भाजीत चमचा ढवळताना परत वर यायचा.

चौथ्या दिवशी खिडकीशी एक म्हातारा आला. रामकिसन, परतूरकडच्या आष्टीचा. डोक्याला स्वच्छ टॉवेल गुंडाळलेला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एकच कागद. बायको गेली त्याची, सात महिने झाले, आणि दाखल्यावर तिचं नाव गोजरबाईच्या जागी गोदरबाई पडलं होतं. आष्टीने परतूरला पाठवलं, परतूरने इकडं. वारसाचं वगैरे काही काम नव्हतं, तो म्हणाला, पण तिचं नाव तरी बराबर पाह्यजे. शरयूने नोंद उघडली. नाव चुकीचं होतंच. वय एकसष्ट. कारण: वार्धक्य.

"एकसष्टाव्या वर्षी म्हातारपण?" तिने विचारलं.

"गावात तेच लिव्हत्यात."

"काय होत होतं त्यांना, मामा?"

त्याने मागे रांगेकडे पाहिलं. मग खिडकीच्या गजांजवळ तोंड आणून हळू आवाजात सांगायला लागला. आधी कालवणात दोनदा मीठ पडायला लागलं. मग शेतातून घराकडं येताना ती भलत्याच वाटेला लागायची. मग चूल पेटवून बाहेर निघून जायची. आणि मग एके दिवशी तो जेवायला बसला तर तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, परक्या माणसासमोर ओढतात तसा, आणि विचारलं, भाऊ, तुम्ही कोणच्या गावचे? शेजारपाजारची माणसं हसली. रोज हसायला लागली. नवऱ्याला भाऊ म्हणती. देवऋषी झाला, अंगारा झाला. टॉवेलच्या टोकाने त्याने ओठ पुसले.

"म्हणलं, मुद्दाम करून राह्यली," तो म्हणाला. "तिची माय मेल्ती तवा म्या तिला मातीला जाऊ देलं न्हवतं. कापूस वेचायचा व्हता. ती काय बोलली न्हाई तवा. मंग म्हणलं, हे त्याचंच हाय, आता उट्टं काढती. मंग म्या बी बोलणं टाकलं. सा म्हैने म्या तिच्याशी बोललो न्हाई बाई. घरात ऱ्हाऊन."

शरयूने त्याला सांगितलं. हा आजार असतो, मेंदूचा, माणसाचं त्यात काही चालत नाही, याला अल्झायमर म्हणतात. तिने तो शब्द इतक्या वर्षांत मनात लाख वेळा म्हटला असेल, पण या इमारतीत तो तिच्या तोंडून पहिल्यांदा निघत होता.

"याला नाव हाय?" रामकिसन म्हणाला.

"आहे."

"मंग ती मुद्दाम करत न्हवती."

हा प्रश्न नव्हता. तो गजांना धरून उभा राहिला, आणि मग तिथेच खाली बसू लागला. रांगेतल्या कुणीतरी त्याला धरून भिंतीजवळच्या बाकावर बसवलं. शरयू उठली. दार उघडून, शीतलच्या खुर्चीमागून वाट काढत, ती बाहेर आली. कुठल्या नकाशात हे सहा महिने येतात, हे तिला त्या हसतमुख माणसाला विचारायचं होतं. एका शब्दावाचून, जो कुणी सांगितला नाही, जो डॉक्टरने लिहिला नाही, भावाने लिहू दिला नाही, आणि जो तिने स्वतः सात वर्षं गुडघ्यांखाली दाबून ठेवला, त्या शब्दावाचून आष्टीतल्या एका घरात दोन माणसं सहा महिने एकमेकांसमोर मुकी बसली होती. ती बाकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात, "माझ्या आईला हेच झालं होतं. सात वर्षं. तिचे गुडघे चांगले होते."

आतला कळफलकांचा आवाज थांबला. शीतल उठून उभी राहिली. साहेबांच्या दारात साहेब. शरयूने तिकडे पाहिलं नाही.

"तुम्हाला बी वळखत न्हवती?" रामकिसनने विचारलं.

"नाही."

"तुम्ही बोलत व्हता का तिच्याशी?"

हो म्हणणं सोपं होतं. पण शेवटच्या हिवाळ्यात ती आईला घास भरवायची तो एक शब्द न बोलता, भांड्याकडे बघत, कारण बोलायचं कुणाशी आणि कशाला.

"शेवटी शेवटी नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि बाकावर सरकून तिला जागा करून दिली. ती बसली. थोड्या वेळाने ती आत जाऊन दोन कोरे कागद घेऊन आली. नाव दुरुस्त होईल, तिने त्याला सांगितलं, ते आजच होईल. कारण दुरुस्त होणार नाही. त्याला डॉक्टरचा कागद लागतो आणि तो तुमच्याकडे नाही. पण आपण सगळं लिहून पाठवायचं, तुमचं एक, माझं एक, वर, आणि त्याच्याही वर. परत येईल. परत आलं की पुन्हा पाठवायचं. माझ्या भावाची सही नाही, तर नसू दे. हे सगळं तिने साहेबांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग मांडीवर फाइल ठेवून तिने कागद सरळ केला, गोजरबाईचं नाव वर नीट लिहिलं, आणि म्हणाली, सांगा, पहिल्यापासून.

रामकिसन मिठापासून सुरू झाला. दोनदा मीठ, मग वाट, मग चूल. ती लिहीत गेली, त्याच्याच शब्दांत, काही न गाळता. पदराशी आल्यावर तो अडला.

"मायच्या मातीला जाऊ देलं न्हाई, ते बी लिव्हायचं का?" त्याने विचारलं.

शरयूचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं.

"नाही, मामा," ती म्हणाली. "ते कारण नाही."